खाल्ल्या देवळाचे वासे मोजले त्याची गोष्ट

आमच्या गावच्या रवळनाथाच्या सभामंडपाला ३६ वासे होते, ह्या पाख्याला, म्हणजे छपराच्या ह्या उताराला, १८ आणि त्या पाख्याला १८. आकडा झोपेतसुद्धा सांगेन, कारण मी ते दोनदा मोजलेत, एकदा खाली उताणा पडून आणि एकदा शिडीवर चढून, आणि शिडीवर असताना गुरवकाका खालून ओरडले, "काय रे, खाल्ल्या घरचे वासे मोजतंस?" लहानपणापासून त्याच देवळात म्हामने, म्हणजे देवाच्या प्रसादाचं जेवण, जेवून वाढलोय, उत्तर काय देणार. मोजत होतो हे खरं होतं.

हा सगळा उद्योग कागदी मॉडेलसाठी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मला हा नाद लागला, आधी नेटवरून फुकटचे साचे प्रिंट करून एक दीपगृह केलं, मग वाटलं परदेशातली घरं किती दिवस करायची, आपल्याकडे काय कमी आहे. रत्नागिरीचं टिळकांचं जन्मघर केलं, ते बरं जमलं कारण साधं कौलारू दुमजली घर आहे. थिबा पॅलेस करायला घेतला, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पकडून इकडे आणून ठेवलं आणि १९१० मध्ये तो त्या वाड्यात राहायला गेला, तर त्याला जितकी वर्षं वाट बघायला लागली साधारण त्याच वेगाने माझं मॉडेल चाललंय, अर्धवट कपाटावर आहे. वेंगुर्ल्याची डच वखार मात्र पूर्ण झाली. तिला छप्परच उरलेलं नाही, म्हणून झाली. हे मी गमतीत म्हणायचो, पण पुढे जे झालं ते सगळं छपरावरूनच झालं.

तर केस अशी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, चाकरमानी गावात असतानाच, देवळाच्या जीर्णोद्धाराची मीटिंग झाली. जुना लाकडी मंडप काढायचा, स्लॅब टाकायचा, वर शिखर. माझं पहिलं मत अर्थातच "अरे वेडे झालात का" असंच होतं, पण बसून ऐकलं तर त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं. दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं काढून परत नीट लावायचं काम, करायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मागेल ती मजुरी द्यायची, वर माकडं. माकडांचा कळप एकदा पाख्यावरून उड्या मारत गेला की पन्नास कौलं फुटतात, मग तिथून गळतं, मग वासा कुजतो, आणि तो बदलायला पुन्हा वर्गणी. मुंबईहून वर्गणी पाठवणाऱ्याला एकदाच काय ते पैसे देऊन सुटायचं असतं. मी काही बोललो नाही. घरी येऊन ठरवलं की पाडायच्या आधी निदान आहे तसं कागदात उतरवून ठेवू. फोटो सगळेच काढतात, पण फोटोवरून मंडपाची लांबी कोणी सांगू शकत नाही.

माझ्याकडे वेळ होता साधारण गणपतीपर्यंत. नंतर लाकूड उतरवायला सुरुवात होणार होती.

स्केल ठरवताना पहिल्यांदा मी १:५० धरलं होतं, मेट्रिक म्हणून. ते बदलायला लावलं सुतारआबांनी. आबा आता पंच्याहत्तरीचे, हात थरथरतो म्हणून काम सोडलंय, पण त्या देवळाच्या प्रत्येक लाकडाला त्यांच्या घराण्याचा हात लागलाय. ते म्हणाले जुनं काम सगळं फूट-इंच-सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) केलेलं असतंय, तू सेंटीमीटर लावलेस की सगळे आकडे वेडेवाकडे येणार. आणि खरंच, खांबाखांबातलं अंतर मीटरमध्ये १.८८ यायचं, फुटात बघितलं तर सहा फूट दोन इंच. मग मी पाव इंचाला एक फूट घेतलं, म्हणजे १:४८. ह्याचा फायदा असा की मॉडेलवरचं एक सूत म्हणजे खरं अर्धा फूट, त्यामुळे आबा नुसत्या बोटाने मॉडेल मोजू शकायचे. टेप लागत नव्हती त्यांना.

मोजमापं दोन दिवसात झाली. बाहेरून बाहेर मंडप २२ फूट रुंद, खांब बारा, सहा-सहाच्या दोन रांगा. जोत्याचे दोन्ही कर्ण मोजले, हे टिळकांच्या घराच्या वेळी शिकलो होतो, कर्ण मोजले नाहीत तर चौकोन काटकोनात आहे का पतंगासारखा तिरका आहे ते कळत नाही. दक्षिण बाजूचे खांब एकेक करून मोजले, गाभाऱ्याकडचे पहिले तीन गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा, सहा फूट दोन इंचाचे, पुढचे दोन सहा फूट नऊ इंचाचे, एकूण बरोब्बर ३२ फूट. उत्तर बाजूला पालखीची खोली, जुनी भांडी, ढोल, आणि वर तुळईला गांधीलमाशीचं हे एवढं पोळं. म्हटलं देऊळ आहे, दोन्ही बाजू सारख्याच असणार. दक्षिणेचे आकडे उत्तरेला लिहून टाकले. लक्षात ठेवा हे.

छपराची उंची मोजायला वर कोण चढणार, तर त्यासाठी मी कौलांच्या ओळी मोजल्या. मंगलोरी कौल एकावर एक बसलं की उतारावर साधारण ३२ सेंटीमीटर दिसतं, आणि आतून बघितलं की कौलं टेकतात त्या रीपा मोजता येतात. १५ ओळी होत्या, म्हणजे ४८० सेंटीमीटर, पावणेसोळा फूट, आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, पागोळीपर्यंत, म्हणजे खालच्या कडेपर्यंत. मंडपाची अर्धी रुंदी ११ फूट आणि वळचणीचा पुढे आलेला भाग २ फूट, झाले आडवे १३. आता पायथागोरस उलटा लावायचा: पावणेसोळाचा वर्ग वजा तेराचा वर्ग, वर्गमूळ काढलं की जवळपास ९ फूट. आढं वळचणीपेक्षा ९ फूट वर. नंतर आबांना विचारलं तर म्हणाले "नऊच आसा, माका म्हायत आसा," आणि मी उगाच गणित केलं असं वाटलं, पण ठीक आहे.

आणि एवढं सगळं गणित करून पहिलं छप्पर मी आडव्या मापाने कापलं. १३ फूट म्हणजे सव्वातीन इंच, कापून मोकळा. बसवलं तर पाखं पागोळीपर्यंत पोचेचना, पावणेदोन सेंटीमीटर कमी. उतारावरची लांबी घ्यायला हवी होती, जवळजवळ चार इंच, दहा सेंटीमीटर. नवशिक्याची चूक आहे, मी चार वर्षं हे करतोय. एक ए-३ कार्डशीट गेली, पुढे.

आता मुख्य भानगड. जून लागला.

दुसरं छप्पर मी नेहमीच्या पद्धतीने केलं, ३०० जीएसएमचं जाड कार्ड, त्यावर कौलांचा फोटो साध्या ८० जीएसएमच्या कागदावर प्रिंट करून फेविकॉलने चिकटवला, वर पुस्तकं ठेवून रात्रभर दाबलं. सकाळी सरळ होतं. आठवड्याने बघतो तर दोन्ही पागोळ्या वर उचललेल्या, छप्पर कमी आणि उलटी होडी जास्त. घरात बायको म्हणाली छान दिसतंय, चिनी देऊळ वाटतंय. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ते मी अक्षरशः डोळ्यांनी बघितलं, कारण खाली चिकटवलेले वासेसुद्धा दोन-तीन सुटून तिरके झाले होते.

पहिल्यांदा वाटलं पाऊस आहे, होणारच. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे कागद काय टिकणार. पण डच वखार त्याच कपाटात चौथा पावसाळा काढत होती आणि ती ठीक होती. म्हणजे नुसती हवा नाही, मी केलेलं काहीतरी आहे. मग बसून एकेक करून तपासलं, आणि हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण कोकणात कागदाचं काम करणाऱ्या कोणालाही हे भोगायला लागणार आहे.

कागद बनताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. तंतूला ओल लागली की तो जाड होतो, लांब फारसा होत नाही. त्यामुळे अख्खा कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळला की त्याच दिशेने जास्त आकसतो. कुठली दिशा कुठली ते बघायला वर्तमानपत्र फाडून बघा, एका बाजूने पट्टी सरळ फाटते, दुसऱ्या बाजूने वाकडीतिकडी. सरळ फाटते ती तंतूंची दिशा. आता मी काय केलं, प्रिंटच्या कागदाला पाणी असलेला गोंद लावला, तो आधी फुगला, फुगलेला असतानाच कार्डाला चिकटला, मग वाळताना आकसला आणि कार्डाला आपल्याबरोबर ओढलं. माझ्या कागदाचे तंतू आढ्याला समांतर होते, म्हणजे ओढ बसली उताराच्या दिशेने, म्हणून बरोबर पागोळ्याच उचलल्या. कार्डाच्या खालच्या बाजूला काहीच नव्हतं, त्यामुळे उलट ओढायला कोणी नाही. डच वखारीला छप्परच नव्हतं, भिंती चारही बाजूंनी एकमेकींना धरून होत्या, म्हणून ती वाचली. माझी हुशारी नव्हती त्यात काही.

पाऊस फक्त निमित्त. ओल वाढली-कमी झाली की हे सगळं पुन्हा पुन्हा होत राहतं, एवढंच.

उपाय मला सावंतवाडीत सापडला, म्हणजे आधीच बघितलेला होता पण डोक्यात बसला नव्हता. राजवाड्यात गंजिफा (खेळायचे जुने पत्ते) रंगवतात ते बघायला पूर्वी गेलो होतो. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा, गोल पानं, आणि जुन्या पद्धतीत ती पानं कशी करायचे तर थरावर थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, खळ दोन्ही बाजूंनी, आणि रंग झाल्यावर वरून लाख. तेव्हा मला नक्षी दिसली होती फक्त. आता कळलं की दोन्ही बाजूंनी सारखं काम केलं की पान वाकत नाही आणि लाखेमुळे हवेतली ओल आत शिरायला वेळ लागतो. कोकणच्याच हवेत, हातात घेऊन खेळायची पानं, घामाच्या हातांनी. त्यांना हा प्रश्न माझ्या कितीतरी आधी पडला होता.

आबांना सांगितलं लाख पाहिजे, तर ते हसले, म्हणाले सुताराकडे लाख नसेल तर कोणाकडे. चपड्याची, म्हणजे लाखेचीच, पिवळी पापडी स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची, पॉलिशला वापरतात तीच. तिसरं छप्पर असं केलं: कार्डाच्या वरून आणि खालून एकाच रिमचा कागद, तंतूंची दिशा तीच, गोंद अगदी पातळ आणि दोन्हीकडे एकाच बैठकीत. मध्ये फळी, वर पाटा, दोन रात्री. मग लाख. आणि इथे अजून एक फटका बसला, मी भर पावसाच्या दिवशी लाख लावली आणि वाळल्यावर ती पांढरट झाली, धुकं पडल्यासारखी. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यात धरली जाते. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "पावसात कोण पॉलिश मारता? उघाप इली की मार." मग श्रावणातल्या एका उन्हाच्या दुपारी परत नुसतं स्पिरिट फिरवून, पांढरेपणा गेल्यावर दुसरा हात मारला. तीन पातळ हात, एका जाड हातापेक्षा बरे. मधल्या वेळात छप्पर कपाटात, आत शून्याचा बल्ब लावून, आमच्या घरी कॅमेरा आणि पापड दोन्ही तसेच ठेवतात.

ह्या वेळी कौलांचा फोटो मी वापरलाच नाही. कौल म्हणजे उठाव हवा. ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या कापल्या, ४.४ मिलिमीटरवर संपलेल्या रिफिलने रेघ ओढून खळगा पाडला, आणि खालून वर अशा एकेक ओळ चढवत नेल्या, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर थोडी बसलेली, खरी कौलं लावतात तशीच. पागोळीकडून सुरुवात करायची, आढ्याकडून केली तर थर उलटे बसतात. एका पाख्याला १५ ओळी, ओळीत ४९ कौलं, दोन्ही पाखी मिळून १४७०. हे करताना पहिल्यांदा जाणवलं की त्या बारा खांबांवर जवळजवळ दीड हजार कौलं होती, एक कौल अडीच किलोचं जरी धरलं तरी साडेतीन टनांच्या वर, आणि ती पावसात भिजल्यावर आणखी जड. मी लहानपणी त्याच्याखाली बसून दशावतार बघायचो, संकासुर आला की आईच्या पदरात तोंड, वर काय आहे ते कधी बघितलं नाही.

आणि कौलांवरूनच १८६५ चा एक वाद झाला. जीर्णोद्धार समितीच्या पत्रकात छापलं होतं की "मंडप १८६५ साली बांधलेला, दीडशे वर्षांहून जुना, जीर्ण." कशावरून, तर आतून कौलावर उठवलेलं आहे, बासेल मिशन टाईल वर्क्स, १८६५. आता ही कौलं कोकणात शेकडो घरांवर सापडतील. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला ते साल १८६५, ते कारखान्याचं साल आहे, कौलाचं नाही, जसं मिठाईच्या खोक्यावर "स्थापना" म्हणून जुनं साल असतं आणि आतले पेढे कालचे असतात. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने मिशनकडून काढून घेतले गेले आणि कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे बासेल मिशनचा शिक्का असलेलं कौल साधारण त्याच्या आधीचं म्हणता येईल, बस. मी हे अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले पत्रकं छापून झालीयेत.

आता उत्तर बाजूकडे येऊ, जिथे मी सांगितलं होतं लक्षात ठेवा.

जोतं तयार होतं, कर्ण मोजून आखलेलं. दक्षिणेची खांबांची रांग त्यावर नीट बसली. उत्तरेची रांग ठेवली तर शेवटचा खांब जोत्याच्या कडेबाहेर, अडीच मिलिमीटर. ह्या वेळेपर्यंत मी पावसाला इतका वैतागलो होतो की पहिला संशय त्याच्यावरच, कार्ड फुगलं असणार. दोन दिवस बल्बखाली ठेवलं, काही फरक नाही. मग विचार केला, ३२ फूट म्हणजे मॉडेलवर आठ इंच, २०३ मिलिमीटर, त्यात अडीच मिलिमीटर म्हणजे सव्वा टक्का, आणि फुगायचंच तर दोन्ही रांगा एकाच शीटमधून कापलेल्या होत्या, एकच का फुगेल? कागद गप्प बसत नाही ही त्याची खोड आहे. चित्रात आपण पाच इंच दाबून टाकू शकतो, रेघ जरा इकडे घेतली की संपलं, पण दुमडून चिकटवायची वेळ आली की कोपरा उघडा राहतो.

अडीच मिलिमीटर गुणिले ४८, जवळजवळ पाच इंच. छत्री घेऊन देवळात गेलो, ढोल बाजूला केले, टेप लावली. उत्तर बाजू ३१ फूट ७ इंच. खरोखर पाच इंच कमी.

आबांना घेऊन आलो. त्यांनी काही मोजलं नाही, बॅटरी घेऊन आढ्याकडे बघत पुढून मागे चालत गेले आणि तिसऱ्या-चौथ्या खांबाच्या मध्ये थांबले. "हयसर जोड आसा बघ." आढ्याला तिथे तिरका सांधा, पाचर मारलेली, इतक्या वर्षांच्या धुराने काळं झाल्यामुळे मला कधी दिसलंच नव्हतं. मग खांबांना नखाने खरवडून बघितलं, गाभाऱ्याकडचे आठ फणसाचे, पिवळट, आणि पुढचे चार किंजळाचे. म्हणजे मूळ मंडप तीन गाळ्यांचा आणि पुढचे दोन गाळे नंतर वाढवलेले, म्हणून त्यांचं माप सहा फूट नऊ इंच, दुसऱ्या सुताराचं. आणि मग कौलं बघितली तर मागच्या भागात बासेल मिशनची जास्त, पुढे वेगळ्याच शिक्क्याची. ह्या शेवटच्या पुराव्यावर मी फार भरवसा ठेवत नाही कारण शाकारणीत कौलं इकडची तिकडे होतात. पण आढ्याचा सांधा आणि लाकूड खोटं बोलत नाही. आबा म्हणाले, "माझ्या आज्यान वाढयलेलो असतलो, तो नेहमी म्हणायचो रवळनाथाचो मंडप मी लांब केलंय, आमका वाटायचा म्हातारो बाता मारता."

हे म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता. मी टेप गुंडाळत बसलो.

मॉडेलमध्ये मी पाच इंच शेवटच्या गाळ्यातून कमी केले, कारण पोळ्यामुळे मधले गाळे एकेक मोजता येत नव्हते, एकूण लांबी तेवढी पक्की होती. बाकीचं भराभर झालं. जांभ्याच्या जोत्याला साध्या कार्डावर कॉफी आणि थोडा गेरू, दीपमाळ वर्तुळाकार चकत्या एकावर एक ठेवून, वृंदावन, घंटा म्हणून टाचणीचं डोकं. गोंदात किंचित मोरचूद घातलं, बुकबाइंडिंगवाले खळीत घालतात तसं, नाहीतर झुरळं दोन महिन्यात छप्पर खातात. एकूण खर्च दीड हजाराच्या आत, त्यात वाया गेलेली दोन छपरं धरून. संध्याकाळचे तास मोजले नाहीत, बायकोने मोजले असतील.

छप्पर मुद्दाम सुटं ठेवलं. दोन बोटांनी उचललं की आतले वासे, तुळया, आढ्याचा सांधा सगळं दिसतं.

गणपतीत पाचव्या दिवशी आरतीनंतर देवळात टेबलावर ठेवलं. मला वाटलं होतं पोरं येतील, फोटो काढतील, जातील. झालं वेगळंच, म्हातारी माणसं हलेचनात. एक आजी छप्पर उचलून खाली ठेवायची, परत उचलायची, म्हणाली, "ह्या उघडता? मगे आमका इतकी वर्सां कोणी दाखवक नाय." मुंबईच्या एका काकांनी बोट ठेवून दाखवलं की ते कुठल्या खांबाला टेकून दहिकाला बघायचे. आणि अध्यक्षांनी बराच वेळ बघून विचारलं, "म्हणजे मागचे आठ खांब चांगले आहेत का?" हा प्रश्न तीन महिन्यात कोणीही विचारला नव्हता, मीसुद्धा. पत्रकात "मंडप जीर्ण" असं सरसकट होतं. आबांनी तिथेच सांगितलं की कुजलंय ते पुढचं किंजळ, वळचणीखालचं, मागचा फणस अजून शंभर वर्षं हलणार नाही.

मंडप पाडलाच. दिवाळीनंतर कौलं उतरवली, त्यातली निम्मी गावात वाटली, आमच्या गोठ्यावर वीसेक आहेत. स्लॅब पडला, शिखरही झालं, रंग कुठला दिलाय ते सांगत नाही, जाताना हायवेवरून दिसतो. पण फणसाचे आठ खांब ठेवले. नव्या मंडपात सिमेंटच्या खांबांच्या पुढे उभे केलेत, भार काही नाही त्यांच्यावर, नुसते उभे आहेत. काही जणांना ते हास्यास्पद वाटतं. मलाही पहिल्यांदा वाटलं, आता सवय झाली, लोक अजून त्यांनाच टेकून बसतात. कंत्राटदाराने खांबांची मूळ अंतरं विचारली तेव्हा मी मॉडेल घेऊन गेलो होतो आणि त्याच्या माणसाने त्यावरून पट्टीने मापं घेतली, गुणिले ४८.

आणि तिथेच चूक कळली. जुनी फरशी उखडल्यावर खांबांखालचे तळखडे उघडे पडले, मग उत्तर बाजूचा प्रत्येक गाळा मोजता आला. कमी असलेले पाच इंच शेवटच्या गाळ्यात नव्हतेच, तिसऱ्या गाळ्यात होते, बरोबर सांध्यापाशी. आबांचं म्हणणं जोड देताना आज्याने जुना टोकाचा खांब आत सरकवला असणार. म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये उत्तरेचे दोन खांब चुकीच्या जागी आहेत, प्रत्येकी अडीच मिलिमीटर. कोणाला दिसणार नाही. मला दिसतं.

एव्हाना मॉडेल देवळातच होतं. आबांनी जुन्या वाशाच्या फळ्या काढून त्याला पेटी केली, पुढे काच. मी एका रविवारी कटर, गोंद, पट्टी घेऊन गेलो, म्हटलं तासाभराचं काम आहे. बघतो तर पेटीवर जास्वंदीचं फूल, खाली अगरबत्तीची राख. गुरवकाका रोज सकाळी मोठ्या देवाची पूजा झाली की तिकडेही एक फूल ठेवत होते. मी सांगितलं काका, दोन खांब जरा सरकवायचेत, छप्पर काढतो आणि लगेच बसवतो.

ते म्हणाले, "आता तेका असो हात लावूक येवचो नाय. देवाक इचारूक व्हया."

मला वाटलं मस्करी करतायत. नव्हते करत. आंघोळ करून या म्हणाले, आलो. त्यांनी पाकळ्या ओल्या करून पाषाणाला लावल्या, म्हणजे देवाला कौल लावला, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, आणि गाऱ्हाणं घातलं, बा देवा रवळनाथा, ह्या तुझ्या लेकरान तुझा घर कागदाचा केल्यान, तेका त्यात काय चुकलासा वाटता, हात लावूची परवानगी देतंस तर उजवो दी. मी हात जोडून उभा, खिशात कटर. पंख्याचा वारा लागू नये म्हणून काकांनी पंखा बंद केला. पाच मिनिटं काहीच हललं नाही, बाहेर कोणाची तरी रिक्षा आली आणि गेली.

पडली ती डावीकडची.

काका म्हणाले पुढच्या जत्रेक परत इचारू. कटर घरी आहे, ब्लेड नवीन घालून ठेवलंय.